बर्नची मट्टे पाहायची तर आधी बंधाऱ्यावर या

मट्टे, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराची नदीकाठची जुनी वस्ती, वरून पाहू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण बर्नला येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा नेमके तेच करतो. मुन्स्टर नावाच्या थोरल्या चर्चपाशी जातो, चर्चला लागून असलेल्या झाडीच्या गच्चीवर फिरतो, कठड्यावरून ओणवा होऊन खाली बघतो. खाली कौलांची दाटी, पलीकडे हिरवीगार नदी. मोबाइल काढतो, दोन फोटो घेतो आणि मट्टे पाहून झाली असे समजून वर बाजारात परततो. पहिल्या वर्षी मीही असाच परतलो होतो. घरी आल्यावर मुलीने विचारले, "बाबा, मट्टे कशी वाटली?" मी म्हटले, "छान आहेत कौलं." ती हसली, आणि मला आपले काहीतरी चुकल्याचे कळले.

मी पाटबंधारे खात्यात तेहेतीस वर्षे काढली. कुठल्याही गावात गेलो की आधी पाणी कुठून येते, कुठे अडवले आहे आणि जास्त झाले की कुणाच्या घरात शिरते, एवढे बघायची सवय हाडात मुरलेली. मट्टे या सवयीच्या माणसासाठीच वसवलेली वस्ती आहे. तीन उन्हाळे लेकीकडे राहून ती मी इतक्या वेळा पालथी घातली, की आता तिच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मराठी पाहुण्याला घेऊन जायचे काम माझ्याकडेच असते. यंदा गुडघ्याने संप पुकारला आहे, म्हणून हे लिहून देतो. कागद हातात धरा आणि तुमचे तुम्ही जा.

आधी जमिनीचा नकाशा डोक्यात बसवा. बर्नचे जुने शहर ११९१ मध्ये त्सेरिंगन घराण्याच्या पाचव्या बेर्टोल्डने वसवले. जागा अशी निवडली, की आरे नदीने तिला तीन बाजूंनी कवेत घेतले आहे. (नदीचे नाव खरेच आरे. माझा नातू लहान असताना पुलावरून जाताना "आरे, आरे" म्हणून तिला हाक मारायचा.) या घोड्याच्या नालेसारख्या वळणाच्या आत उंच पठार, त्यावर शहर. पठाराच्या दक्षिण पायथ्याशी, नदीच्या डाव्या काठाला, सपाट जमिनीची एक चिंचोळी पट्टी उरते. मट्टे म्हणजे कुरण. त्या पट्टीचे नाव पडले मट्टे. वरचे शहर आणि ही पट्टी यांच्यात साधारण तीस मीटरचा कडा आहे. सगळा इतिहास त्या तीस मीटरांत भरलेला आहे: वर सरदार, व्यापारी आणि चर्च, खाली नावाडी, कातडी कमावणारे, रंगारी, गिरणीवाले.

कधी जावे, काय न्यावे

मे ते सप्टेंबर, कामाचा दिवस, सकाळी नऊच्या सुमारास. रविवारी गेलात तर सगळे शांत असते, पण इतके शांत की आपण मराठी माणसे नेहमीच्या आवाजात बोललो तरी खिडक्या उघडतात. माझ्या मेहुण्याने एका रविवारी दुपारी गल्लीत उभे राहून पुण्याला व्हिडिओ कॉल लावला होता. वरून एका बाईंनी ओठांवर बोट ठेवून दाखवले. मेहुणा म्हणाला, "नमस्कार करतायत वाटतं." असो.

रिकामी बाटली न्या. बर्नमधले कारंजांचे पाणी पिण्यालायक असते, नसेल तिथे तशी पाटी लावलेली असते. सुटे फ्रँक न्या, शेवटी लिफ्टला लागतील. रबरी तळाचे बूट घाला, दगडी फरशी ओली असली की घसरते. आणि निघण्याआधी नदीचा विसर्ग बघा. 'आरे गुरू' नावाची एक सोय इथे मोबाइलवर आहे, तिच्यावर पाण्याचे तापमान आणि सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहते आहे ते ताजे दिसते. बर्नची पोरे तापमान बघतात, मी विसर्ग बघतो. वर्षाची सरासरी १२० घनमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वाचार हजार क्युसेक. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

उतरायचे कुठून

स्टेशनवरून संसदभवनाच्या मागच्या गच्चीवर चालत या. तिथून मार्त्सिलीबान नावाची इटुकली दोराची गाडी खाली जाते. १८८५ ची आहे, आणि लांबी जेमतेम शंभर मीटरच्या वर. बसलात म्हणेपर्यंत उतरावे लागते. खाली मार्त्सिली, बर्नचे नदीकाठचे पोहण्याचे मैदान. तिथून नदी उजव्या हाताला ठेवून प्रवाहाच्या दिशेने चालत राहा. डाल्मात्सी पूल येईल, मग डोक्यावरून खूप उंचावरून किर्खेनफेल्ड पूल जाईल. तो १८८३ चा लोखंडी पूल. त्याच्या सावलीतून बाहेर पडलात, की आवाज ऐकू येईल.

तो आवाज बंधाऱ्याचा. इथले लोक त्याला श्वेल्ले म्हणतात, म्हणजे शब्दशः उंबरठा. इथे थांबा. घाई करू नका, दहा-पंधरा मिनिटे नुसते बघा. बसून बघायचे असेल तर समोरच्या काठावर बंधाऱ्याला चिकटून एक उपाहारगृह आहे, पण तिकडे डाल्मात्सी पुलावरून जावे लागते आणि परतही तिथूनच यावे लागते. शिवाय एका कॉफीच्या पैशात घरी आठवड्याचे दूध येते, हे सौ.चे मत. डाव्या काठावरून फुकट दिसते.

काय बघायचे ते सांगतो. बंधारा नदीला काटकोनात नाही, तिरका आहे, लांबलचक. नवख्या माणसाला वाटते की कुणाचा तरी हात हलला. तसे नाही. तिरका बांधला की सांडव्याची लांबी वाढते, पाणी पातळ थराने ओसंडते आणि उरलेले आपोआप डाव्या काठाकडे ढकलले जाते. तिथे डाव्या बाजूला त्याचे तोंड आहे: पाट. मट्टेतली माणसे त्याला टीख म्हणतात. नदी उजवीकडून मोठ्याने ओरडत जाते, पाट डावीकडून गुपचूप वस्तीत शिरतो. मट्टेची सगळी कमाई त्या गुपचूप पाण्यावर झाली.

हे काम मध्ययुगातले. बंधारा, पाट आणि त्यावरच्या गिरण्या बुबेनबर्ग या सरदार घराण्याच्या मालकीच्या होत्या, १३६० मध्ये शहराने त्या विकत घेतल्या. त्या वर्षाचे महत्त्व वरच्या शहरातल्या चर्चपेक्षा कमी नाही, कारण त्या दिवसापासून बर्नचे पीठ, लाकूडकाप आणि पुढे लोहारकाम यांचे पाणी शहराच्या ताब्यात आले. आमच्या खात्यात पाणीवाटपाच्या फायली बघितलेल्या माणसाला हे चटकन कळते. ज्याच्या हाती पाटाचा दरवाजा, त्याच्या दारी गाव.

पाटाच्या कडेने

आता पाटाच्या कडेने वस्तीत शिरा. गल्ल्यांची नावे वाचत चला, ती नावे म्हणजे जुन्या धंद्यांचे हजेरीपत्रक आहे. शिफलाउबे म्हणजे होड्यांची ओसरी, इथे प्रवाहाच्या वरच्या बाजूच्या थून शहराकडून येणाऱ्या होड्या लागत. गेर्बर्नगासे म्हणजे कातडी कमावणाऱ्यांची गल्ली. म्यूलेनप्लाट्स म्हणजे गिरण्यांचा चौक. वासरवेर्कगासे म्हणजे पाणयंत्रांची गल्ली. बाडगासे म्हणजे न्हाणीघरांची. ही न्हाणीघरे अठराव्या शतकात भलत्याच कारणासाठी युरोपभर ठाऊक होती. व्हेनिसचा रंगेल भटक्या कॅसानोवा १७६० मध्ये बर्नला आला तेव्हा इथे येऊन गेला आणि आत्मचरित्रात लिहूनही गेला. नातवंडे बरोबर असतील तर हा परिच्छेद मनातल्या मनात वाचावा.

पाट्यांचा रंगही बघा. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्य बर्नमध्ये शिरले. सैनिकांना आपापला मुक्काम सापडावा म्हणून शहराचे पाच भाग करून प्रत्येकाला एक रंग दिला: लाल, पिवळा, हिरवा, पांढरा, काळा. फ्रेंच गेले, रंग राहिले. मट्टेच्या वाट्याला काळा आला.

होड्यांचा धंदा कसा चाले ते समजून घ्या. थूनच्या सरोवरातून निघालेले पाणी बर्नला येते, म्हणून थूनच्या बाजूचे लाकूड, चीज आणि इतर माल होडीत किंवा तराफ्यात भरून सोडायचा. खाली येणे सोपे, पण या प्रवाहाला तोंड देऊन भरलेली होडी वर नेणे महाकठीण. साहजिकच माल एकाच दिशेने वाहायचा आणि माणसे पायी परतायची. १८५९ मध्ये बर्न-थून रेल्वे सुरू झाली आणि नावाड्यांचा धंदा बसला. त्याआधी १८४४ मध्ये उंचावरचा नीडेग पूल झाला होता. तोवर पूर्वेकडून येणारी सगळी वाहतूक खालच्या उंटरटोर पुलावरून, मट्टेच्या शेजारून, चढ चढून वर जायची. नवा पूल झाला आणि गाड्या डोक्यावरून जाऊ लागल्या. पंधरा वर्षांत दोन तडाखे. पुढे मट्टे गरिबांची, दाटीची, ओलीची वस्ती म्हणूनच ओळखली जाऊ लागली. एका खोलीत सहा-सात माणसे, भिंतींना बुरशी. बाडगासेवरची जुनी घरे १९३० च्या दशकात पाडून नव्याने बांधली ती याच कारणाने.

पण पाट वाहत होता, आणि त्याच गरिबीच्या काळात त्याने तीन कामे करून ठेवली. माझ्या मते मट्टेत बघण्यासारखे खरे तेच आहे.

पहिले, चॉकलेट. १८७९ मध्ये रोडोल्फ लिंट नावाच्या तरुणाने मट्टेत कारखाना घातला. तेव्हाचे चॉकलेट दाताखाली कचकचायचे, साच्यात ओतताही येत नसे. त्याने शिंपल्याच्या आकाराच्या द्रोणीत ते पाण्याच्या शक्तीवर दिवसदिवस घोटत ठेवले आणि वर कोकोचे लोणी घातले. तोंडात विरघळणारे चॉकलेट तयार झाले. शुक्रवारी यंत्र बंद करायला विसरला आणि सोमवारी चमत्कार झालेला सापडला, अशी गोष्ट सांगतात. मला ती गोष्ट कंपनीच्या जाहिरातीसारखी वाटते. पण पाणी रात्रंदिवस फुकट वाहत असल्याशिवाय कुणी तीन-तीन दिवस घोटत बसणार नाही, एवढे मी लिहून देतो. १८९९ मध्ये त्याने सगळे झुरिकच्या चॉकलेटवाल्या श्प्रुंग्लीला १५ लाख सुवर्ण फ्रँकला विकले. आज मट्टेत चॉकलेटचा वास येत नाही, वास घेत फिरू नका.

दुसरे, हवेवरची ट्राम. १८९० मध्ये बर्नमध्ये पहिली यांत्रिक ट्राम धावली ती वाफेवरही नाही, विजेवरही नाही, दाबलेल्या हवेवर. ती हवा मट्टेत पाण्याच्या टर्बाइनवर दाबून भरायचे. ही ट्राम शहराची अस्वले ठेवत त्या खंदकापासून दुसऱ्या टोकाच्या दफनभूमीपर्यंत जायची. दहा-अकरा वर्षांत विजेने तिची जागा घेतली. मला हे कळले त्या दिवशी मी जेवताना घरच्यांना इतका वेळ ट्राम समजावून सांगितली, की जावई ताट घेऊन दिवाणखान्यात गेले.

तिसरे, वीज. १८९१ मध्ये बर्नचे पहिले वीजघर इथेच झाले. बंधारा आहे, पाट आहे, उतार आहे, मग दुसरी जागा शोधायची कशाला? आजही इथे वीज बनते. आत जाता येत नाही, पण पाटाच्या वरच्या बाजूला कचरा अडवणारी जाळी दिसते का बघा. अशा जाळीपाशी मी आयुष्याचा बराच भाग घालवला आहे, त्यामुळे ती मला चर्चच्या कोरीव दारापेक्षा जास्त बोलकी वाटते. तुम्हाला वाटेलच असे नाही.

त्यांची च-ची भाषा

म्यूलेनप्लाट्सच्या बाकावर टेका आणि एक गंमत करून बघा. लहानपणी च-ची भाषा बोलला असालच: "चलातु चहितमा चहेआ का?" शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी टाकायचे आणि सुरुवातीला च लावायचा. मट्टेच्या लोकांनी अगदी हेच केले, फक्त च ऐवजी इ लावला आणि शेवटी ए. मट्टे या शब्दाचे होते इट्टेमे. नातवाला हे सांगितल्यावर त्याने अर्ध्या मिनिटात आपल्या पद्धतीने चट्टेम करून दाखवले. आता आमच्या घरात या वस्तीला तेच नाव पडले आहे.

या बोलीला बाहेरचे लोक मट्टेनइंग्लिश म्हणतात. इंग्रजीशी तिचा काही संबंध नाही. वरच्या शहरातल्यांना त्यातले ओ की ठो कळत नसे, म्हणून इंग्रजी, असे एक स्पष्टीकरण देतात. अक्षरे फिरवण्याची युक्ती हा तिचा एक भाग. दुसरा भाग जास्त जुना: नदीवरून, रस्त्यावरून, बाजारातून गोळा झालेले शब्द, त्यांत ज्यूंची यिडिश आहे, भटक्या लोकांची बोली आहे, फ्रेंच आहे. सगळ्यांना पाठ असलेले वाक्य आहे, "तुंझ मर ए लिगु लेम", म्हणजे मला पावाचा एक तुकडा दे. गुपित भाषेतले सर्वांत प्रसिद्ध वाक्य भाकरी मागणारे असावे, यावरून वस्ती कशी होती ते कळते. १९५९ मध्ये ही बोली जपण्यासाठी मंडळ काढावे लागले, यावरून ती कुठे चालली होती तेही कळते.

एका म्हाताऱ्याशी माझी याच चौकात ओळख झाली. त्याचे इंग्रजी कच्चे, माझे जर्मन त्याहून कच्चे. मी त्याला लिगु लेम म्हटले. त्याने खिशातून खरेच अर्धा पाव काढून माझ्या हातावर ठेवला. त्यानंतर दर भेटीत तो मला आधी विसर्ग विचारायचा: "किती?" मी आकडा सांगायचो. तो मान हलवायचा. शंभरच्या वर-खाली असला की आम्ही दोघेही समाधानी.

पूर

त्याने विसर्ग का विचारावा हे कळायला २००५ चा ऑगस्ट माहीत हवा. त्याआधी १९९९ च्या मे महिन्यातही पूर आला होता: बर्फ वितळत होते, त्यात पाऊस पडला. २००५ ला नुसता पाऊस, पण असा पाऊस, की आरेचा विसर्ग ६०० घनमीटरच्या पुढे गेला. वरचा सरासरीचा आकडा आठवा. पाचपट. एकवीस हजार क्युसेक म्हटले तर आपल्याकडच्या धरणांच्या बातम्या ऐकणाऱ्याला किरकोळ वाटेल, पण नदीचे पात्र बघा केवढेसे आहे ते.

नुसत्या पाण्याने एवढे बिघडले नसते. डोंगरातून ओंडके आले. मुळासकट झाडे, फांद्या, फळकुटे, सगळे येऊन बंधाऱ्यावर अडकले आणि त्याची भिंत झाली. जो बंधारा सहाशे वर्षे पाणी डावीकडे वळवत आला, त्याने सगळी नदीच डावीकडे वळवली. गल्ल्यांतून आरे वाहू लागली. माणसांना होड्यांतून आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले, कित्येकांना महिनोन्‌महिने घरी परतता आले नाही.

आता परत एकदा बंधाऱ्याकडे तोंड करून उभे राहा आणि तिरक्या बांधणीचा विचार करा. पहिल्यांदा बघताना मी तिची तारीफ केली होती. तीच तिरकस रेषा ओंडक्यांनाही वस्तीकडे आणते. कोणत्याही बांधकामाचा गुण आणि दोष बहुधा एकाच वहीत लिहिलेला असतो.

पाण्याचे मूळ दुखणे मात्र वीस-पंचवीस किलोमीटर वर, थूनला आहे. आणि ते माणसाचे आहे. कांडर नावाची डोंगरी नदी पूर्वी थूनच्या खाली परस्पर आरेला मिळत असे आणि गावोगाव गाळ टाकत असे. १७१४ मध्ये तिला नवा मार्ग काढून थूनच्या सरोवरात सोडले. गाळाचा प्रश्न सुटला, पण सरोवराचे तोंड तेवढेच अरुंद राहिले. आत येणारे पाणी वाढले, बाहेर जाणारी वाट तीच. थून शहर बुडू लागले. २००५ च्या पुरानंतर तिथे जमिनीखालून एक बोगदा काढला, तो २००९ मध्ये सुरू झाला. पूर येणार असे दिसले की बोगदा आधीच उघडून सरोवर थोडे रिकामे करून ठेवतात. पाऊस यायच्या आधी धरणात जागा करणे म्हणजे काय, आणि ती वेळेत केली नाही तर काय होते, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला मी सांगायला नको.

वस्तीत फिरताना या सगळ्याच्या खुणा शोधा. दारांच्या दोन्ही बाजूंना कुठे कुठे उभ्या खाचा दिसतील, त्यांत फळ्या सरकवून दार बंद करतात. २०२१ च्या जुलैमध्ये नदी पुन्हा फुगली तेव्हा काठावर जाडजूड रबरी नळ्या पसरून त्यांत पाणी भरले होते. पाण्याला पाण्यानेच अडवायचे. मुलीने तेव्हा फोटो पाठवला होता, तो मी आमच्या निवृत्तांच्या गटावर टाकला आणि त्या एका फोटोवर तीन दिवस वाद चालला.

आज तिथे कोण राहते

जिथे कातडी भिजत पडायची तिथे आता वास्तुविशारदांची, जाहिरातवाल्यांची कार्यालये आहेत. जुन्या गिरण्यांच्या जागी कामाच्या खोल्या, खाणावळी, एक छोटे नाट्यगृह. खिडकीतून नदी दिसते, मुले शाळेत चालत जातात, मोटारींची वर्दळ कमी. ओल होती म्हणून ज्या घराला कुणी विचारत नसे, त्याच घरात आता नदी जवळ म्हणून राहायला लोक रांग लावतात. घरे कमी, मागणी जास्त, भाडी त्या मानाने. पुराची आठवण असूनही. पण वस्तीचे स्वतःचे मंडळ आहे, रहिवासी एकमेकांना ओळखतात, आणि गल्लीत भेटलात तर "ग्रुएसेख" म्हणतात. बर्नचा नमस्कार तोच आहे, तुम्हीही म्हणा. आभार मानायला "मेर्सी" पुरते.

लोकांच्या खिडक्यांत डोकावून फोटो काढू नका. रात्री दहानंतर मोठ्याने बोलू नका. रविवारी काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या पेटीत टाकू नका, आवाज होतो म्हणून मनाई असते. एवढे नियम पुरेत.

पोहण्याबद्दल मात्र जरा लांबच सांगतो. उन्हाळ्यात बर्नची माणसे कामावरून सुटली की कपडे पिशवीत कोंबून नदीत उतरतात आणि प्रवाहाबरोबर वाहत येतात. मार्त्सिलीला जायला पैसे पडत नाहीत. तुमच्या बरोबरची तरुण पोरे उतरायचे म्हणतीलच. त्यांना सांगा: चांगले पोहता येत असेल तरच, एकट्याने नाही, आणि काठावरचे लाल दांडे धरून मार्त्सिलीलाच बाहेर यायचे. पुढे बंधारा आहे. वरून देखणा दिसणारा तो पांढरा फेस माणसाला खाली घोळवत ठेवतो. आमच्या धंद्यात त्याला दृष्टीआडचा भोवरा म्हणायचे. मी स्वतः गुडघाभर पाण्यात, दांडा धरून, कान बुडवून ऐकले आहे. पाण्याखाली बारीक टिकटिक ऐकू येते. तळाचे गोटे एकमेकांवर आपटत सरकतात त्याचा तो आवाज. सौ.ला सांगितले, तिने नाही ऐकले.

वर कसे जायचे

म्यूलेनप्लाट्सवरून मट्टेनएंगे या अरुंद गल्लीने टोकापर्यंत जा. तिथे उंटरटोर पूल आहे, पंधराव्या शतकातला, दगडी, बर्नमधला सर्वांत जुना. पुलावरून पलीकडच्या उतारावर अस्वले दिसली तर दिसली. पाय दमले नसतील तर पलीकडे जा. दमले असतील तर गेर्बर्नगासेने मागे फिरून बाडगासेवर या. तिथे कड्याला चिकटून उभा लोखंडी सांगाडा दिसेल. ती लिफ्ट.

तिचे इथले नाव सेंकेलट्राम. सेंकेल म्हणजे गवंड्याचा ओळंबा. ओळंब्याची ट्राम! १८९७ पासून चालू आहे, आणि आजही आत माणूस बसलेला असतो. तो तिकिटाचे पैसे घेतो, दार लावतो आणि वर नेतो. शंभराची नोट पुढे करू नका. मी केली होती. त्याने ती उजेडाकडे धरून शांतपणे बघितली, मग माझ्याकडे बघितले आणि मागच्या बाईंनी माझे पैसे भरले. म्हणून सुरुवातीलाच सुटे न्यायला सांगितले.

वर आलात की तुम्ही त्याच चर्चच्या गच्चीवर असता, जिथून पहिल्या वर्षी मी कौले बघितली होती. कठड्याजवळ थिओबाल्ड वाइनझेप्फ्ली नावाच्या विद्यार्थ्याची दगडी पाटी शोधा. १६५४ मध्ये तो घोड्यासकट इथून खाली मट्टेत पडला आणि जगला, पुढे पाद्री झाला. घोड्याचे काय झाले ते पाटीवर नाही. मग खाली बघा आणि आता ओळखा पाहू: पाट कुठला, नदी कुठली, गिरण्यांचा चौक कुठे, काळ्या पाट्यांची हद्द कुठे संपते. बरोबरच्या माणसाला बोटाने दाखवा. दोघांचे एकमत झाले नाही तर परत खाली जायला लिफ्ट आहेच. मात्र रात्री ती बंद असते, तेव्हा शेजारच्या छपराच्या जिन्याने उतरावे लागते, पायऱ्या दीडशेच्या वर, आणि परत चढायच्याही तेवढ्याच.